सतराचा पाढा

मल्हार खराडेला बरं वाटू लागलं आणि सगळं तिथूनच बिघडत गेलं. पण आजारी माणूस बरा होत असताना त्यात खोट शोधायला कोण जातं? घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली, शेजाऱ्यांनी चेहऱ्यावर तेज आल्याचं सांगितलं आणि मल्हारनंही ते खुशाल मानून घेतलं.

बरं होण्याची निकड होती, हे मात्र खरं. ऐन उमेदीची वर्षं तो व्यावसायिक रग्बी खेळला, तेही हुकर म्हणून. हुकर म्हणजे स्क्रममधल्या, चेंडूसाठी दोन संघ एकमेकांना रेटतात त्या जुंपणीतल्या, पहिल्या फळीतला मधला गडी. दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या खांद्यांवर टाकायचे, मान खाली घालायची आणि समोरच्या फळीवर आदळायचं. त्या रेटारेटीत ना बोलता येतं, ना काही धड ऐकू येतं. म्हणून चेंडू आत सोडायची वेळ झाली की हुकर डाव्या हाताच्या बोटांनी शेजारच्याच्या खांद्यावर दोनदा थापटतो. सोड, असा त्याचा अर्थ. ही सवय मल्हारच्या अंगात इतकी भिनली होती की लेकीला, ओवीला, सायकल शिकवतानाही तो तिच्या खांद्यावर दोनदा बोटं आपटायचा आणि ती पेडल मारायची.

खेळ सुटल्यावर बरेचसे खेळाडू कुठे जातात कळत नाही, पण मल्हारचं बस्तान चांगलं बसलं. तो रग्बीचं मराठी समालोचन करू लागला. ज्यांना त्या लंबुळक्या चेंडूचं तोंड कुठे आणि बूड कुठे हे कळत नव्हतं, अशा साताऱ्या-सांगलीच्या लोकांना त्यानं आपल्या बोलण्यानं खेळाचं वेड लावलं. त्याची खासियत अशी की चेंडू कुठे जाणार, हे तो चेंडूच्या आधी सांगायचा. लोक टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवर त्याचं बोलणं ऐकायचे.

मग डावा हात थरथरायला लागला. डोकेदुखीनं दिवसचे दिवस वाया जाऊ लागले. आणि राग असा यायचा की आला कधी हे त्याला नंतर दुसऱ्यांनी सांगावं लागायचं. एकदा जेवताना त्यानं स्टीलचा डबा भिरकावला, तो ओवीच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटला. पोरगी रडली नाही, नुसती आईच्या मागे जाऊन उभी राहिली. बायकोनं, ऋजुतानं, दुसऱ्याच दिवशी आपला दातांचा दवाखाना बंद ठेवला आणि त्याला पुण्याला डॉ. मृण्मयी केळुसकरांकडे नेलं.

डॉक्टर केळुसकरांनी समजावून सांगितलं ते असं. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक लहरींनी बोलतात आणि प्रत्येक माणसाच्या लहरींची चाल वेगळी असते. वर्षानुवर्षं डोक्याला मार बसला की ती चाल बिघडते. त्यावर उपाय असा, की मेंदूवर केसापेक्षाही बारीक तारांची जाळी पसरायची आणि कानामागे कातडीखाली बटणाएवढं यंत्र बसवायचं. यंत्र जाळीतून लहरी ऐकत राहणार. चाल चुकली की विजेचा हलकासा टोला देऊन तिला वळणावर आणणार. दिवसभर हेच चालू. त्याच त्या वाटेवर पुन्हा पुन्हा आणलं की मेंदू स्वतःच ती वाट धरतो. मग एक दिवस ती चाल यंत्रात पक्की करायची. त्यानंतर ती बदलता येत नाही.

अडचण होती ती एकच. वळणावर म्हणजे नेमकं कुठल्या वळणावर? माणूस धडधाकट असताना त्याची चाल कशी होती, हे यंत्राला आधी ठाऊक असायला हवं. साध्या माणसाचा असा नकाशा कुणी काढून ठेवत नाही. रग्बीपटूंचा मात्र होता. लीगचा नियमच होता तसा. पहिल्या हंगामाआधी तारांची टोपी घालून चाचणी द्यायची, म्हणजे पुढे डोक्याला मार बसला की त्या नकाशाशी ताडून बघता येईल.

"तुम्ही नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा बावीस वर्षांचा मेंदू आमच्याकडे जपून ठेवलाय."

मल्हारला तेव्हा काहीच आठवलं नाही, याचं पुढे त्याला फार आश्चर्य वाटलं.

जाळी बसली आणि पहिले काही महिने सुखाचे गेले. हाताची थरथर थांबली. डोकं दुखेनासं झालं. राग तर असा गेला की ऋजुतानं मुद्दाम खोडी काढूनही तो हसायचा. दर भेटीत डॉक्टर पडद्यावर दोन रेघा दाखवायच्या, एक जुन्या नकाशाची आणि दुसरी आजची. दोन्ही रेघा एकमेकींच्या जवळ जवळ येत होत्या. ऋजुताचा जीव भांड्यात पडला.

पहिली शंका आली ती समालोचनाच्या खोलीत. उपांत्य सामना रंगात आला होता. चेंडू उजवीकडून डावीकडे तीन हातांतून फिरला, पांढऱ्या रेषेपलीकडे टेकला, प्रेक्षक उठून उभे राहिले, आणि मग मल्हार म्हणाला, "चेंडू आता डावीकडे जाणार." शेजारी बसलेल्या सहसमालोचक सलोनी दप्तरदारनं हसून वेळ मारून नेली. पण पुढच्या अर्ध्या तासात तो असाच मागे राहत गेला. निर्मात्यानं त्याला बाहेर बोलावून फार गोड शब्दांत विश्रांती घ्यायला सांगितलं. मल्हारनं मान डोलावली. त्याला वाईट वाटलं नाही. जिन्यावरून खाली उतरताना त्याच्या लक्षात आलं, की वाईट वाटायला हवं होतं, आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

दुसरी गोष्ट घडली ती घरातच, रविवारी दुपारी. ओवी त्याच्यासमोर बसून शाळेतलं काहीतरी सांगत होती. तिचे डोळे भरले होते, म्हणजे गोष्ट महत्त्वाची होती. ती बोलायला लागली आणि मल्हारच्या डोक्यात पाढा सुरू झाला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. त्यानं लक्ष देण्याचा प्रयत्न केला तसा पाढा आणखी मोठ्यानं चालू झाला. ओवीचे ओठ हलत होते, शब्द कानावर पडत होते, पण पाढ्याखाली दबून जात होते. ती थांबली तेव्हा पाढाही थांबला.

"मी काय सांगितलं, बाबा?" तिनं विचारलं.

मल्हारनं तिचे डोळे पुसायला हात पुढे केला.

"तू ओरडायचास ना, तेव्हा निदान ऐकून ओरडायचास," ती म्हणाली आणि उठून गेली.

मल्हार तसाच बसून राहिला. सतराचाच पाढा का? सोळाचा का नाही? आणि हा प्रश्न मनात आल्याबरोबर त्याला सगळं आठवलं.

पहिल्या हंगामाआधीच्या शिबिरात कप्तान दौलत जगदाळेनं सगळ्या नव्या पोरांना खोलीत घेऊन दार लावलं होतं. दौलतदा म्हणजे संघाचा थोरला भाऊ. त्यानं सांगितलं, उद्या टोपीची चाचणी आहे, तिथे हुशारी दाखवाल तर मराल. आज डोकं तल्लख दिसलं तर उद्या मार बसल्यावर फरक दिसणार. फरक दिसला की डॉक्टर घरी बसवणार, आणि तुमच्या जागेवर दुसरा टपलेलाच आहे. म्हणून पहिला नकाशाच मंद काढायचा. रात्रभर जागायचं. सकाळी सर्दीचं झोप आणणारं औषध घ्यायचं. खुर्चीत बसवून टोपी घातली आणि डॉक्टर बोलायला लागले की मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणायचा, म्हणजे त्यांनी सांगितलेले शब्द डोक्यात शिरत नाहीत. आणि शेवटी ते विचारतात, तब्येत कशी आहे, झोप झाली का. त्यावर एकच उत्तर. दौलतदानं ते सगळ्यांकडून एका सुरात म्हणवून घेतलं होतं, शाळेतल्या प्रार्थनेसारखं.

झोप छान झाली, डॉक्टर.

सगळ्यांनी तसंच केलं. आधीच्या पोरांनीही तेच केलं होतं. कुणाला त्यात पाप वाटलं नाही. ती त्या धंद्यातली रीतच होती.

आणि आता ते यंत्र इमानेइतबारे, एकही सुट्टी न घेता, त्याला त्या सकाळकडे घेऊन चाललं होतं. जागरण झालेला, औषधानं गुंगलेला, समोरच्याचं काही ऐकायचं नाही असं ठरवून बसलेला तो पोरगा म्हणजे निरोगी मल्हार. त्याहून जे काही जास्त असेल, चेंडूच्या आधी धावणारी जीभ, ओवीच्या रडण्यानं तुटणारं काळीज, तो सगळा बिघाड. यंत्र तो दुरुस्त करत होतं.

दौलतदाला त्याच्याआधी वर्षभर जाळी बसली होती आणि त्याची चाल पक्कीही झाली होती. मल्हार दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरला गेला. गाडी ऋजुता चालवत होती, कारण त्यानं तिला एवढंच सांगितलं होतं की दौलतदाला बघायचंय आणि मला एकट्याला भीती वाटते.

दौलतदा सोप्यात खुर्चीवर बसला होता. अंगानं तोच धिप्पाड गडी, पण चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा कोरा. त्याच्या बायकोनं, शैलावहिनींनी, हसून स्वागत केलं. त्या सांगू लागल्या, "लई गुणाचे झालेत बघा आता. शिव्या न्हाईत, आदळआपट न्हाई. बसवलं तिथं बसत्यात."

मल्हार त्याच्यासमोर उकिडवा बसला. विचारलं, "दौलतदा, टोपीच्या चाचणीला आपण काय करायचो, आठवतंय?"

दौलतदानं त्याच्याकडे पाहिलं. मल्हार बोलत होता तोवर त्याचे ओठ आवाज न करता हलत होते. मल्हार ते वाचू शकत होता. चौतीस. एक्कावन्न. अडुसष्ट. मल्हार बोलायचा थांबला तसे ओठही थांबले.

"झोप छान झाली, डॉक्टर," दौलतदा म्हणाला.

शैलावहिनी हसल्या. म्हणाल्या, कायबी इचारा, हेच सांगत्यात.

निघताना मल्हारनं दौलतदाचा खांदा धरला. दौलतदा त्याच्या डावीकडे खेळायचा. किती स्क्रममध्ये ही बोटं या खांद्यावर पडली होती, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. मल्हारनं दोनदा थापटलं. दौलतदाच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यानं पाय जमिनीवर रोवले, मान खाली घातली आणि खुर्चीतल्या खुर्चीत तो पुढे रेटा द्यायला लागला, दात आवळून, कपाळावरच्या शिरा ताठ होईपर्यंत. मग त्याच्या कानामागे कातडीखाली यंत्राचा हिरवा ठिपका लुकलुकला आणि तो सैल पडला.

म्हणजे तो अजून आत होता. मल्हारला रडू फुटलं.

परतीच्या वाटेवर त्यानं ऋजुताला सगळं सांगितलं. मध्येच पाढा आडवा यायचा, मग तो थांबायचा, काचेवर कपाळ टेकवायचा आणि पुन्हा बोलायचा. तिनं गाडी बाजूला घेतली आणि त्याचं सगळं बोलणं फोनवर चित्रित केलं. ती घाबरली होती, पण हातपाय गाळणारी नव्हती. चाचणीतल्या लबाडीचं सांगून, यंत्र नुसतं बंद करता येईल का, असं तिनं डॉक्टरांना फोनवर विचारलं. एकदम बंद केलं तर झटके येतात, हळूहळू उतरवावं लागतं आणि तेही दवाखान्यातच, असं उत्तर मिळालं. शिवाय कायदा होता. एकाच्या मेंदूला दुसऱ्याच्या सांगण्यावरून कुणी हात लावायचा नाही, बायकोच्याही नाही. पूर्वी काही नातेवाइकांनी केलेल्या जुलमानंतर झालेला तो कायदा होता, आणि कायदा म्हणून चांगलाच होता. पेशंटनं खुर्चीत बसून, जाळी चालू असताना, स्वतःच्या तोंडानं सांगितलं पाहिजे. गुरुवारी तुम्ही येणारच आहात, डॉक्टर म्हणाल्या. रेघा जुळत आल्यात. त्या दिवशी पक्कंच करायचंय.

"तिथे तूच सांगायचंस," ऋजुता म्हणाली. "एवढंच करायचं, मल्हार. खोटं बोललो, एवढे दोन शब्द."

"तशीच तर खुर्ची आहे, ऋजू," तो म्हणाला. "नकाशा तशाच खुर्चीत काढलाय. तिथे बसलो की यंत्र सगळ्यात जोरात ओढणार." मग बराच वेळ शब्द जुळवून तो म्हणाला, "माझ्या तोंडावर विश्वास ठेवू नकोस. माझा डावा हात तुझ्या खांद्यावर ठेव. दोनदा थापटलं तर समज, मी आहे आणि सोड म्हणतोय."

गुरुवारी ऋजुतानं डॉक्टरांना सगळं सविस्तर सांगितलं आणि चित्रण दाखवलं. केळुसकर बाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग त्या म्हणाल्या, की हे चित्रण झालं त्या दिवसाची यंत्रातली नोंद माझ्याकडे आहे, त्या वेळी चाल बरीच बिघडली होती. आजारी मेंदू असं काहीबाही रचतो. आणि घरच्यांना बरा झालेला माणूस ओळखू येत नाही, हे मी नेहमी बघते. इतकी वर्षं तुम्ही आजाराबरोबर संसार केलात.

"तरी शंका नको म्हणून तुमचा फोन आल्यावर मी त्यांच्या संघातल्या सगळ्यांना विचारलं. ज्यांना ज्यांना जाळी आहे त्यांना. चाचणीत काही लबाडी केली होती का? प्रत्येकानं नाही म्हणून सांगितलं. झोप छान झाली होती म्हणाले. अगदी याच शब्दांत."

"सगळे? याच शब्दांत?" ऋजुताचा आवाज चिरकला.

"सगळे," डॉक्टर म्हणाल्या. त्या धीर द्यायला बोलत होत्या.

मल्हारनं ते ऐकलं. आत्ताच बोलायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात कुणीतरी त्याला खुर्चीत बसवलं. पाठीला रेक्झिनचा गारवा लागला. डोक्यावर टोपी चढली. समोर पडद्यावर दोन रेघा होत्या, नव्हे, दिसायला एकच होती.

ऋजुता शेजारी उभी राहिली आणि तिनं त्याचा डावा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला.

"मल्हार, मी विचारते त्याचं उत्तर द्या," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या हंगामाच्या चाचणीत..."

सतरा एके सतरा.

तो धडपडला. स्क्रममध्ये पाय घसरू लागतात आणि मागून सगळ्यांचं वजन पाठीवर येतं, तसं काहीतरी त्याच्यावर रेटत होतं. त्यानं ते दोन शब्द जिभेवर आणले. सतरा दुणे चौतीस. खोटं, हा शब्द होता, तो त्याला दिसत होता, त्याच्यापासून हातभर अंतरावर. सतरा त्रिक एक्कावन्न. कुणीतरी काहीतरी विचारून थांबलं होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. अशा वेळी काय म्हणायचं ते त्याला पाठ होतं.

"झोप छान झाली, डॉक्टर," मल्हार म्हणाला.

ऋजुताच्या तोंडून हुंदका फुटला. त्यानं तो ऐकला. तो अजून होता, तळाशी कुठेतरी, आणि त्याला ठाऊक होतं की अजून हात शिल्लक आहे. त्या सकाळी खुर्चीत बसून त्यानं कुणाचाही खांदा थापटला नव्हता. नकाशात ती वाट नव्हतीच. उरलंसुरलं सगळं बळ त्यानं बोटांत आणलं.

बोटं हलली. दोनदा. थोडं थांबून पुन्हा दोनदा.

"बघा," ऋजुता ओरडली. "डॉक्टर, त्याचा हात बघा. तो सांगतोय तुम्हाला, सोडा म्हणतोय. थांबवा हे."

केळुसकर बाई खरंच पुढे आल्या. वाकून त्यांनी तो हात नीट न्याहाळला. ऋजुताच्या खांद्यावरची ती बोटं दोनदा आपटत होती, थांबत होती, पुन्हा आपटत होती. त्यांनी पडद्यावर नजर टाकली. एका रेघेच्या कडेला बारीकसा कंप उमटत होता.

"डावा हात," त्या हळहळून म्हणाल्या. "हीच थरथर घेऊन तुम्ही पहिल्यांदा आला होतात ना? तेवढी राहिलीय बघा. ती घालवू आणि मग पक्कं करू."

ऋजुतानं त्याची बोटं आपल्या मुठीत गच्च धरली. ती डॉक्टरांना काही सांगत होती, दाराशी कुणाला तरी हाका मारत होती. मल्हारला मुठीतल्या मुठीत आपली बोटं कळत होती. मग करंगळी कळेनाशी झाली. मग मधली दोन. अंगठ्याजवळचं बोट एकदा आपटलं आणि दुसऱ्यांदा आपटायचं राहून गेलं.

समोर एक बाई रडत काहीतरी बोलत होती. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंच्याऐंशी. हात आता अगदी शांत होता आणि मल्हारला फार बरं वाटत होतं.